केसांची गोळी आणि मनःस्थिती : दुष्परिणामाची शंका कशी पारखावी

केस विरळ होऊ लागले म्हणून फिनास्टेराइडची गोळी सुरू केलेला माणूस काही आठवड्यांनी उदास, चिडका किंवा अस्वस्थ दिसू लागला, तर घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात. हे गोळीमुळे झाले का, हा पहिला. आणि गोळी आजच थांबवावी का, हा दुसरा. बहुतेक जण पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा अडवून धरतात आणि तिथेच घोळ होतो. कारण ठरवायला आठवडे, कधी महिने लागतात. त्यासाठी नोंदी, तपासण्या आणि डॉक्टरांचे मत लागते. गोळी थांबवण्यासाठी मात्र कारण सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही, कारण टक्कल हा जिवावरचा आजार नव्हे आणि या औषधाचा एक महिना चुकल्याने काही कायमचे बिघडत नाही. औषधांच्या दुकानात बसून ही शंका मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. थांबवण्याचा निर्णय आणि कारणाचा निवाडा या दोन गोष्टी सुट्या ठेवल्या की पुढचे काम बरेच सोपे होते, असे माझे मत आहे.

म्हणून तातडीचे आधी सांगतो. जगणे नकोसे वाटणे, मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणे, रात्र रात्र झोप न लागता जिवाची घालमेल होणे, यांपैकी काहीही असेल तर या लेखातली पुढची पारख बाजूला ठेवावी. केसांसाठीची गोळी त्याच दिवशी थांबवावी, घरातल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगावे, त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे जावे. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते. प्रसंग गंभीर असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलावून, गोव्यात असाल तर, सरळ बांबोळीला न्यावे. तिथे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मानसोपचार व मानवी वर्तन संस्थाही बांबोळीतच आहे. असे विचार गोळीमुळे आले की आणखी कशामुळे, हे त्या रात्री ठरवण्याची कोणालाही गरज नाही.

आधी गोळी कोणती ते पाहा

‘केसांचे औषध चालू आहे’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ऑनलाइन मागवलेल्या पेटीत बहुधा चार-पाच वस्तू असतात: एक गोळी, एक डोक्याला लावायचे द्रावण, एक बायोटिन या जीवनसत्त्वाची गोळी, एखादा शाम्पू आणि कुठलेसे आयुर्वेदिक तेल. पाकिटावरचे मोठे नाव सोडून खालच्या बारीक अक्षरांतले घटक वाचावेत. द्रावण म्हणजे नुसते मिनोक्सिडिल, हे केसांचे दुसरे नेहमीचे औषध, असे गृहीत धरू नये. मिनोक्सिडिल आणि फिनास्टेराइड एकत्र असलेली द्रावणेही बाजारात सर्रास मिळतात आणि त्यांच्या नावाच्या शेवटी अनेकदा ‘एफ’ हे अक्षर असते. ‘मी गोळी घेतच नाही, फक्त पाणी लावतो’ असे सांगणाऱ्याच्या बाटलीत फिनास्टेराइड निघणे म्हणूनच नवलाचे नाही.

फिनास्टेराइड हे औषध ५-अल्फा रिडक्टेज नावाचे विकर (एन्झाइम) अडवते. हे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करते, आणि केसांची मुळे बारीक होत जाण्यामागे हेच दुसरे संप्रेरक असते. रोज एक मिलिग्रॅम घेतल्यास रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन-तृतीयांशाने घटते. ड्युटास्टेराइड हे त्याच गटातले औषध या विकराचे दोन्ही प्रकार अडवते आणि हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक खाली आणते. मनाशी याचा संबंध कसा, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की हेच विकर मेंदूतही काम करते आणि प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्ननोलोन नावाचे एक स्टेरॉइड तयार होण्याच्या साखळीत त्याचा वाटा असतो. ॲलोप्रेग्ननोलोन मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाच्या ग्राहींवर काम करून अस्वस्थता शमवते. २०१९ मध्ये अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर जे शिरेतून द्यायचे औषध मंजूर झाले, ते म्हणजे हेच द्रव्य. तेव्हा केसांच्या गोळीने मन बिघडू शकते ही कल्पना हवेतली नाही. पण तसे होऊ शकते म्हणजे या माणसाच्या बाबतीत तेच झाले, असेही नाही.

मिनोक्सिडिलचे तसे नाही. ते या विकराला हात लावत नाही. ते मुळात रक्तदाबाचे औषध आहे. हल्ली ते कमी मात्रेच्या गोळीच्या रूपातही दिले जाते, आणि त्या गोळीने छातीत धडधडणे, पायांना सूज येणे, चक्कर येणे असे होऊ शकते. रात्री पडल्या पडल्या छाती धडधडू लागली की माणसाला वाटते आपल्याला ‘टेन्शन’ आले. अशा वेळी मनाच्या प्रश्नावलीपेक्षा नाडी आणि रक्तदाब आधी मोजावा.

पुरावा कुठवर जातो

इथे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये एक मिलिग्रॅम फिनास्टेराइड घेणाऱ्यांना नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांबाबत सावध केले आणि २०२४ मध्ये पाकिटासोबत रुग्णासाठी इशाऱ्याचे कार्ड देण्याचे ठरवले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये माहितीपत्रकात आत्महत्येचे विचार व वर्तन यांचा उल्लेख घालायला लावला. मे २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या १ आणि ५ मिलिग्रॅम गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. त्या समितीसमोर विचारात घेण्याजोगी ३२५ प्रकरणे होती. त्यांतील बहुसंख्य फिनास्टेराइडची आणि मोजकीच ड्युटास्टेराइडची होती, आणि बहुतेक प्रकरणे केसांसाठी औषध घेणाऱ्यांची होती. याच काळातला फिनास्टेराइडचा एकूण वापर अंदाजे २७ कोटी रुग्णवर्षे (एका रुग्णाने वर्षभर घेतले की एक रुग्णवर्ष) इतका धरला गेला. कळवली जातात ती प्रकरणे प्रत्यक्षाहून नेहमीच कमी असतात हे लक्षात घेतले, तरी बहुसंख्य लोकांना असे काही होत नाही हे या आकड्यांवरून दिसते. नेमके किती जणांना होते, याला त्या समितीने ‘वारंवारता अज्ञात’ असेच म्हटले आहे, आणि ड्युटास्टेराइडबाबत संबंध सिद्ध झाला नसला तरी कार्यपद्धती सारखी असल्याने त्याच्या माहितीपत्रकातही सावधगिरीचा मजकूर घालायला सांगितले आहे.

आता दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुष्परिणाम-संग्रहाचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४५ वर्षांपर्यंतच्या आणि टक्कलासाठी फिनास्टेराइड घेणाऱ्या रुग्णांमध्ये आत्महत्येच्या विचारांचा संकेत उमटला, म्हणजे अशा नोंदी अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्या. प्रोस्टेटसाठी तेच औषध घेणाऱ्या वयस्कर रुग्णांमध्ये तो उमटला नाही. शिवाय हा संकेत २०१२ नंतर, म्हणजे या विषयाची जाहीर चर्चा वाढल्यावर, ठळक झाला होता. चर्चेमुळे नोंदी वाढल्या, की तरुणांना खरोखरच जास्त त्रास होतो, याचा उलगडा त्या आकड्यांतून होत नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ६६ वर्षांवरील पुरुषांच्या मोठ्या अभ्यासात आत्महत्येचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, पण औषध सुरू केल्यापासून पहिल्या दीड वर्षात नैराश्याचे निदान वाढलेले दिसले. माझ्या मते पारख करणाऱ्याने या अभ्यासातून एक गोष्ट घ्यावी: लक्ष ठेवायचे ते पहिल्या वर्ष-दीड वर्षात, आणि त्यातही पहिल्या काही महिन्यांत अधिक.

अपेक्षेचाही परिणाम होतो. इटलीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ५ मिलिग्रॅम फिनास्टेराइड घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना लैंगिक दुष्परिणामांची आगाऊ कल्पना दिली आणि निम्म्यांना दिली नाही. कल्पना दिलेल्या गटात ४३.६ टक्के लोकांनी तो त्रास सांगितला, दुसऱ्या गटात १५.३ टक्के लोकांनी. यावरून काही डॉक्टर असा निष्कर्ष काढतात की रुग्णाला सांगूच नये. तो मला पटत नाही. सांगितले नाही तर माणूस रात्री दोन वाजता मोबाइलवर स्वतःच शोधतो आणि तिथे त्याला सर्वांत भयंकर गोष्टी आधी सापडतात. अपेक्षेच्या परिणामावर खरा उतारा म्हणजे गोळी सुरू होण्याआधीची लेखी नोंद.

पहिल्या गोळीआधीची नोंद

सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि नेमका हाच कोणी करत नाही. तीन महिन्यांनी ‘तू पूर्वी असा होतास का?’ असे विचारले तर आठवण प्रामाणिक राहत नाही. आज मन खिन्न असेल तर मागचे दिवस उगाचच सोनेरी वाटतात, आणि गोळीवर संशय आला असेल तर ते त्याहून सोनेरी वाटतात. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वीचे दोन आठवडे कोऱ्या वहीत लिहून काढावेत.

त्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली पुरते. ती विनामूल्य उपलब्ध आहे आणि मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते: कामात रस वाटला का, उदास वाटले का, झोप कशी होती, थकवा, भूक, स्वतःबद्दलचे मत, एकाग्रता, हालचालींतला मंदपणा किंवा चुळबूळ, आणि शेवटी मरणाचे विचार. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र आणि वीसपासून तीव्र नैराश्य असे ढोबळ टप्पे आहेत. गोव्याला ही प्रश्नावली परकी नाही. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशकांकरवी नैराश्यावर उपचार करण्याचा जो प्रयोग २०१७ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात रुग्ण निवडण्यासाठी हीच वापरली होती. गुणांची बेरीज म्हणजे निदान नव्हे. पण आधी तीन होते आणि आता अकरा झाले, हे डॉक्टरांपुढे ठेवता येते, आणि पाच किंवा अधिक गुणांची वाढ सहसा दखलपात्र मानली जाते. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले तर बेरीज कितीही कमी असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. अस्वस्थता हा मुख्य त्रास असेल तर अस्वस्थता मोजणारी सात प्रश्नांची जीएडी-७ ही प्रश्नावली सोबत भरावी.

वहीच्या पहिल्या पानावर आणखी थोडे लिहावे. पूर्वी कधी नैराश्य आले होते का, त्यासाठी औषध घेतले होते का, रक्ताच्या नात्यात कोणी आत्महत्या केली आहे का. या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना ती सांगितल्याशिवाय गोळी सुरू करू नये. लाजून गप्प बसणे महागात पडते. लैंगिक इच्छा व क्षमता यांबद्दलही दोन ओळी लिहाव्यात, कारण या औषधाने ती घटू शकते, आणि मग त्या घटीच्या धसक्यानेच मन खचते. युरोपीय समितीनेही रुग्णांना हाच धोका लक्षात आणून दिला आहे. आणि केसांमुळे आपण आज किती दुःखी आहोत, तेही लिहावे. लग्नाच्या बोलणीत नकार आला म्हणून पंचविशीतला मुलगा गोळी मागायला येतो, तेव्हा त्याची उदासी बहुधा गोळीच्या आधीपासूनच असते.

रोजची वही

गोळी सुरू झाल्यावर रोज एक ओळ पुरे. तारीख, गोळी घेतली की चुकली, झोप किती तास, मद्य घेतले का आणि किती, दिवसाच्या मनःस्थितीला शून्य ते दहा एक आकडा, आणि त्या दिवशी घडलेली एखादी वेगळी गोष्ट. पीएचक्यू-९ मात्र दोन आठवड्यांतून एकदाच भरावी. रोज भरल्यास माणूस स्वतःच्या मनाची नाडी धरून बसतो आणि नसलेली उदासीही त्याला सापडू लागते.

आकड्यांपेक्षा वागण्याच्या खुणा अधिक बोलतात. ‘बरे वाटत नाही’ यापेक्षा ‘भजनाला गेलो नाही’ ही नोंद उपयोगाची. एका आईने मला विचारले होते, “बाबा, ह्या गोळ्या झोपेच्या तर नव्हेत ना? जत्रेच्या नाटकात ह्याचे काम आहे, पण तालमीला गेला की अर्ध्यातून परत येतो. पाठ असलेले संवाद विसरतो, आणि विचारले तर अंगावर धावून येतो.” मुलगा स्वतः म्हणत होता की आपल्याला काहीच झालेले नाही. वीस वाक्ये पाठ राहत नाहीत, आवडीचे काम टळते, चिडचिड घरच्यांवर निघते, या तीन खुणा त्या बाईंनी एका दमात सांगितल्या. अशी माहिती कोणतीही प्रश्नावली इतक्या सहज देत नाही. म्हणून गोळी सुरू करतानाच घरातल्या किंवा खोलीवरच्या एका माणसाला विश्वासात घ्यावे आणि त्याला महिन्यातून एकदा स्वतंत्रपणे लिहायला सांगावे. त्याने काय लिहिले ते आधी पाहू नये.

दुसरी कारणे धुंडाळताना

गोळीवर संशय आला की बाकी सगळे नजरेआड होते. गोव्यात बसून ही यादी करायची तर सुरुवात पावसाळ्यापासून करावी लागेल. जून ते सप्टेंबर दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, बाहेर पडणे कमी होते, पर्यटनावर पोट असलेल्यांची आवक आटते. मे महिन्यात गोळी सुरू केलेल्याला जुलैत उदास वाटले, तर वहीत मागच्या वर्षीच्या जुलैबद्दलही एक प्रश्न लिहिलेला हवा. मद्य इथे स्वस्त आणि सहज मिळते. रोजच्या दोन बिअर कोणी मोजत नाही, पण झोप आणि मन दोन्ही त्या बिघडवतात, म्हणून वहीत त्याचा रकाना ठेवायला सांगितले. हॉटेल आणि कॅसिनोतल्या रात्रपाळ्या, वेर्ण्याच्या कारखान्यांतल्या फिरत्या पाळ्या यांचेही तसेच. पाळी बदलल्याची तारीख आणि मन बिघडल्याची तारीख एकाखाली एक येतात का, ते पाहावे.

दुसऱ्या औषधांची झडती घ्यावी. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणारी तरुण मुले बहुधा त्याच त्वचारोगतज्ज्ञांकडून केसांचेही औषध घेत असतात, आणि आयसोट्रेटिनॉइनच्या माहितीपत्रकातही मनाच्या तक्रारींचा इशारा आहे. त्याहून जास्त निसटते ते मॉन्टेलुकास्ट. पावसाळ्यातल्या शिंका, दमा आणि खोकल्यासाठी लेव्होसेट्रिझिनसोबतची ही गोळी घरोघरी असते, आणि अनेक जण तिला ‘ॲलर्जीची साधी गोळी’ समजतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तिच्यावर मनाच्या गंभीर दुष्परिणामांबद्दल चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा लावला. केसांची गोळी आणि ही गोळी एकाच महिन्यात सुरू झाली असेल तर दोष एकट्या केसांच्या गोळीवर टाकता येत नाही. व्यायामशाळेतून मिळणारी स्नायू वाढवण्याची इंजेक्शने आणि गोळ्या तर मनावर आणि केसांवर एकदमच परिणाम करतात. त्यांच्याबद्दल डॉक्टरांपासून लपवल्यास सगळी पारख वाया जाते.

डेंगी, टायफॉइड किंवा कोणत्याही मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात, आणि त्याच काळात अशक्तपणा व खिन्नताही रेंगाळते. असे गळणे आपोआप थांबते आणि त्याला फिनास्टेराइडची गरजही नसते. म्हणजे औषधच अनावश्यक होते आणि उदासीही तापाची होती, असे निघू शकते. मिनोक्सिडिल सुरू केल्यावरही पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत जुने केस जास्त गळतात. उशीवरचे केस पाहून माणूस हबकतो. याची कल्पना आधी दिलेली असेल तर तो धक्का टळतो.

रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व एवढे डॉक्टर बहुधा सांगतात. इथे एक खाच आहे. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्यांत अनेकदा १० मिलिग्रॅम बायोटिन असते, तर शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. रक्तातले हे जास्तीचे बायोटिन काही प्रयोगशाळांच्या थायरॉइड चाचण्यांत ढवळाढवळ करते आणि थायरॉइडचे संप्रेरक वाढल्याचा खोटा अहवाल येऊ शकतो. मग अस्वस्थता, धडधड आणि झोपेचा अभाव या सगळ्यांचे खापर थायरॉइडवर फुटते आणि नको ती औषधे सुरू होतात. रक्त देण्यापूर्वी निदान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवावे आणि रक्त घेणाऱ्यालाही ते घेत असल्याचे सांगावे.

थांबवल्यावर काय पाहायचे

एक मिलिग्रॅम फिनास्टेराइड हळूहळू कमी करत आणण्याची गरज नसते. मन खिन्न झाले तर ती थांबवून डॉक्टरांना भेटावे, हाच नियामकांचाही सल्ला आहे. बंद केल्यावर साधारण दोन आठवड्यांत रक्तातले संप्रेरक पूर्ववत होते, आणि केसांना झालेला फायदा पुढच्या काही महिन्यांत, वर्षभरापर्यंत, ओसरतो. ड्युटास्टेराइडचे मात्र तसे नाही. ते शरीरातून निम्मे व्हायलाच सुमारे पाच आठवडे लागतात. त्यामुळे ते थांबवून पंधरा दिवसांत बरे वाटले नाही म्हणून गोळी निर्दोष ठरत नाही, आणि चौथ्या दिवशी एकदम बरे वाटले तर त्याचे श्रेय सुटकेच्या भावनेलाही द्यावे लागते.

एकावेळी एकच गोष्ट बदलावी. गोळी, मद्य, रात्रपाळी आणि ॲलर्जीचे औषध एकाच सोमवारी सोडले तर माणूस बरा होईल, पण कशाने ते कधीच कळणार नाही. अर्थात जीव धोक्यात असेल तर हा नियम लागू नाही. तेव्हा बरे होणे महत्त्वाचे, कळणे नव्हे. आणि नैराश्याची किंवा झटक्यांची औषधे चालू असतील तर ती संशयापोटी स्वतःहून मुळीच सोडू नयेत.

काही जणांना गोळी सोडूनही महिनोन् महिने उदासी, मेंदूवर धुके आल्यासारखे वाटणे आणि लैंगिक तक्रारी राहतात. याला एक स्वतंत्र आजार मानावे की नाही, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण वाद आहे म्हणून समोरच्या माणसाचा त्रास खोटा ठरत नाही, आणि उपचार करता येण्याजोगे नैराश्य ‘हे गोळीचे आहे, याला इलाज नाही’ म्हणून तसेच सोडून देणे ही त्याहून मोठी चूक होईल.

तपासणी करणारे डॉक्टर दुष्परिणामाचा निवाडा करताना ‘निश्चित’, ‘संभाव्य’, ‘शक्य’, ‘असंभाव्य’ अशा पायऱ्या वापरतात. औषधानंतर त्रास सुरू झाला, थांबवल्यावर ओसरला आणि दुसरे पटण्याजोगे कारण सापडले नाही, तर ‘संभाव्य’ म्हणता येते. ‘निश्चित’साठी पुन्हा गोळी देऊन त्रास पुन्हा होतो का ते पाहावे लागते, आणि मनाच्या बाबतीत, विशेषतः मरणाचे विचार आले असतील तर, तो प्रयोग घरी कधीही करू नये. बहुतेकांना शेवटी ‘शक्य’ एवढेच उत्तर मिळते. ते अपुरे वाटले तरी पुन्हा ती गोळी न घेण्यासाठी पुरेसे आहे. मिनोक्सिडिल, केशरोपण किंवा सरळ डोके तासून घेणे, हे मार्ग उरतातच. केशरोपणानंतरही उरलेले केस टिकवायला हीच गोळी सांगितली जाते, तेव्हा तिथेही ही वही दाखवावी. गोळीऐवजी फिनास्टेराइडचे द्रावण चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. त्वचेवर फवारायच्या प्रमाणित औषधाबाबत युरोपीय समितीला आत्महत्येच्या विचारांशी संबंध दिसला नाही. पण औषधालयांनी मागणीनुसार मिसळून बनवलेल्या द्रावणांबाबत अमेरिकेच्या प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला आणि त्यात नैराश्याच्या तक्रारीही होत्या. ज्याला गोळीने त्रास झाला, त्याने द्रावणाकडे वळणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

बोटीवर नोकरी करणाऱ्यांसाठी वेगळे सांगायला हवे, कारण गोव्यात ते घरोघरी आहेत. सहा-आठ महिन्यांच्या गोळ्या एकदम बॅगेत भरून नेणे ही त्यांची रीत. पहिली गोळी बोट धरण्याच्या आठवड्यात कधीही सुरू करू नये. घर सुटणे, पहाऱ्याच्या वेळा, बदलणारी घड्याळे आणि एकटेपणा यांत गोळीचा परिणाम वेगळा काढता येत नाही, आणि विश्वासू माणूसही जवळ नसतो. घरी असताना सुरू करून दोन-तीन महिने निभावले तरच पुढचा साठा घ्यावा. पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांनीही मन बिघडल्यास लगेच डॉक्टर गाठावा, पण लघवी अडण्याची भीती असल्याने ती परस्पर बंद करू नये. स्त्रियांच्या बाबतीत गर्भारपणाची शक्यता असेल तर फिनास्टेराइडचा प्रश्नच येत नाही, कारण पुरुष गर्भाच्या वाढीला त्याने इजा होते.

डॉक्टरांकडे जाताना वही, सगळ्या पाकिटांचे फोटो आणि घरच्या माणसाचे लेखी निरीक्षण न्यावे. ‘गोळीने मला डिप्रेशन आले’ अशी सुरुवात केली की काही डॉक्टर लगेच बचावात जातात. त्याऐवजी ‘अमुक तारखेला गोळी सुरू केली, अमुक आठवड्यापासून झोप मोडली, गुण तीनवरून अकरावर गेले’ असे सांगावे. त्वचारोगतज्ज्ञांनी ‘केसांच्या गोळीने असे होत नाही’ म्हणून उडवून लावले, तर वाद न घालता मानसोपचारतज्ज्ञांचे मत घ्यावे.

दुष्परिणामाची नोंद सामान्य माणसालाही करता येते, हे अजून फार थोड्यांना ठाऊक आहे. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे, आणि त्यासाठी कारण सिद्ध झालेले असण्याची अट नाही, शंका पुरते. फोनवर औषधाचे नाव, मात्रा, सुरू व बंद केल्याच्या तारखा, त्रासाचे वर्णन, सोबतची इतर औषधे आणि बॅच क्रमांक विचारतात. बॅच क्रमांक पट्टीच्या कडेला छापलेला असतो आणि गोळ्या काढताना नेमकी तीच कड फाडली जाते, म्हणून पहिल्या गोळीच्या दिवशीच तिचा फोटो काढून ठेवावा.